निसर्गानं शिक्षा केली का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

दर 30 सप्टेंबरला, म्हणजे 1993च्या लातूरकडच्या किल्लारी भूकंपाच्या दिवशी, कुणी ना कुणी विचारतंच. "सर, तुम्ही किल्लारीच्या पट्ट्यातले. तो निसर्गाचा कोपच होता ना?" अलीकडं या प्रश्नाला शेपूट फुटलंय: "माणसानं निसर्गाचे नियम मोडले की असंच व्हायचं." विचारणारी मंडळी शिकलेली असतात. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर, म्हणून माझ्याकडून होकार हवा असतो.

कोणता नियम मोडला, ते एकदा सांगा. भारताची भूपट्टी वर्षाला पाचएक सेंटिमीटर उत्तरेकडं सरकते, हिमालयाला अडते, आणि तो ताण मागं थेट आपल्या पठारापर्यंत साठत येतो. जुना तडा सापडला की तिथं सुटतो. किल्लारीकरांनी काय ती पट्टी उलटी ढकलली होती? जवळच्या माकणी धरणात साठलेल्या पाण्याकडं बोट दाखवणारे आहेत, पण त्यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. आणि नियम मोडता आला असता तर त्याला नियम कशाला म्हटलं असतं?

माणसं मेली ती भिंतींखाली. दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंत, सांध्यात नुसती माती, आतल्या नि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारा लांब दगड नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर मातीचा आणखी एक थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं, त्यात चूक काहीच नव्हती. जेवढं घर खानदानी तेवढी भिंत जाड. पत्र्याच्या नि कुडाच्या घरांतली बरीच माणसं वाचली. यात गरिबाची पुण्याई होती असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तो हिशेब निव्वळ वजनाचा होता.

इथवर मी भाषणातही सांगतो. टाळ्या पडतात. पुढचं गाळतो.

1992च्या पावसाळ्यापासून आमच्याकडं जमीन गुरगुरायला लागली होती. ऑक्टोबरात धक्के वाढले, भांडी वाजायची. लोक अंगणात निजू लागले. माझ्या वर्गातल्या एका पोरीचे वडील शाळेत आले. मी त्यांना आबा म्हणायचो. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले. "मास्तर, रातच्याला आत निजावं का भाईर? तुमी शिकलेले. बाया-पोरं गारठायलीत."

फळ्यावर नकाशा होताच. मी खडू घेतला नि रंगात आलो. दख्खनचं पठार, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, काळा पाषाण. हिमालय कोवळा म्हणून हलतो, आपलं पठार म्हातारं, ते हलत नाही. त्यांनी कोयनेचं विचारलं, शेतकरी असून. 1967चा तिथला भूकंप त्यांना आठवत होता. मी म्हणालो, तिथं एवढं मोठं धरण आहे. "आबा, निवांत आत निजा."

त्यांनी बाज आत नेली. दुसऱ्या दिवशी पोरीनं सांगितलं, हसत.

पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी मी माझ्या भाड्याच्या पत्र्याच्या खोलीतून नुसत्या बनियनवर रस्त्यावर आलो. धूळ एवढी की टॉर्चचा उजेड पुढं सरकेना. आबांच्या घराचे खण उभे होते. लाकडाचा सांगाडा जागच्या जागी, आणि भिंती सगळ्या आत ओतल्यासारख्या. आबा कोपऱ्यात खांबाला धरून होते, जिवंत. त्यांची बायको आणि ती पोरगी दुपारी सापडल्या. नंतर पाऊस आला, चिता पेटेनात. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

स्वतःची बाजू मांडायला माझ्याकडं पुष्कळ आहे. पुस्तकात तेच होतं. सरकारी नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. तिसऱ्या पट्ट्यात तो गेला भूकंपानंतर कैक वर्षांनी. मोठे अधिकारीही घाबरू नका म्हणाले होते. मग एका तालुक्यातल्या मास्तरानं वेगळं काय सांगायचं?

"माहीत नाही" एवढं सांगता आलं असतं. ते त्या छत्तीस वर्षांच्या माणसाला जमलं नाही, कारण फळ्यापुढं उभं राहून त्याला जमीन आपल्या मुठीत वाटत होती. पुढं किल्लारीला भोक पाडून पाहिलं, तर तो अभेद्य काळा पाषाण साडेतीनशे मीटरसुद्धा जाड नव्हता. खाली वेगळाच, फार जुना खडक.

कधी वाटतं, नियमांची बाजू मी एवढ्या तावातावानं घेतो ती त्यात मी सुटतो म्हणून. पट्टी सरकली, वजन पडलं, मास्तर कुठंच नाही. कोप म्हणणाऱ्यांवर चिडतो तेव्हा निदान ते कुणाला तरी दोषी धरतात, हे माझ्या लक्षात येतं. पण आबांच्या पोरीला शिक्षा कशाची, याचं उत्तर त्यांच्याकडंही नाही.

आबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. गाव दुसरीकडं वसलं, सिमेंटची घरं आली. काही वर्षांनी एका लग्नात भेटले, आग्रहानं घरी घेऊन गेले. चहा झाला. घर चांगलं होतं, आत कापसाची पोती रचलेली. बाज अंगणात होती. मी तिच्याकडं बघतोय हे त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बसा की मास्तर, तिथंच वारं लागतं."

मी बसलो.