ऑक्सफर्डमधील दोन वाद, एक वास्तू

लंडनहून आगगाडीने ऑक्सफर्डला पोहोचल्यावर मी तिथली नामांकित महाविद्यालये मागे ठेवून आधी पार्क्स रोडवरील निसर्गेतिहास संग्रहालय गाठले. विज्ञान आणि ईश्वर यांविषयीच्या ज्या जाहीर वादांबद्दल मी इतकी वर्षे वाचत आले, त्यांपैकी दोन याच वास्तूत झाले होते.

दाराबाहेर २०१० साली उभारलेला दगडी स्तंभ पहिल्या वादाची आठवण देतो. ३० जून १८६० रोजी, डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ निघून जेमतेम सात महिने झालेले असताना, ऑक्सफर्डचे बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स आणि डार्विनचा पाठीराखा जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली इथे समोरासमोर आले. डार्विन स्वतः आजारपणामुळे आला नव्हता. तुमचे माकडाशी नाते आजोबांकडून की आजीकडून, असे बिशपने विचारले आणि हक्सलीने त्याला निरुत्तर केले, ही गोष्ट मी शाळेत असताना ऐकली आणि तेव्हापासून खरी मानली. प्रत्यक्षात त्या सभेतील भाषणांची शब्दशः नोंद नाही. हक्सलीने चोख उत्तर दिले, पण त्याचा आवाज एवढ्या मोठ्या सभेला पुरला नाही, असे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर याने दोनच दिवसांनी डार्विनला लिहिले. बिशपने लिहिलेले आपल्या ग्रंथाचे परीक्षण वाचून खुद्द डार्विननेही मान्य केले होते की, ग्रंथातील सर्वांत अनुमानाधारित भाग त्यात कौशल्याने हेरले आहेत. शिवाय हक्सलीला नास्तिक म्हणणेही बरोबर नाही; ‘अज्ञेयवादी’, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारा, या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यानेच १८६९ साली घडवला. ज्याला आपण धर्माचा सरळसोट पराभव समजतो, तो प्रसंग इतका गुंतागुंतीचा होता, हे मला त्या स्तंभापाशी फार तीव्रतेने जाणवले.

आत काचेच्या छताखाली सांगाड्यांवर ऊन पडले होते आणि भोवतीच्या कमानींचे खांब निरनिराळ्या ब्रिटिश दगडांचे होते. या इमारतीसाठी विद्यापीठाच्या मुद्रणालयाला बायबलच्या विक्रीतून झालेल्या नफ्याचा पैसा वापरला गेला, हे ठाऊक असल्यामुळे मी ते खांब पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

दुसरा वाद २१ ऑक्टोबर २००८ चा. विज्ञानाने ईश्वराला मूठमाती दिली आहे का, या प्रश्नावर नास्तिक जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स आणि ख्रिस्ती गणितज्ञ जॉन लेनॉक्स इथे बोलले. विश्व नियमबद्ध आहे आणि ते बुद्धीला उमगते, यामागे कोणाचे तरी मन असले पाहिजे, असे लेनॉक्स मानतात. तर विश्वाचा आरंभ करणारी एखादी शक्ती आणि पापक्षमा करणारा येशू यांत प्रचंड अंतर आहे, यावर डॉकिन्स बोट ठेवतात. माझ्या मते डॉकिन्स यांचा हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण पहिल्या दाव्याचा पुरावा दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. लेनॉक्स मात्र येशूचे पुनरुत्थान हा ऐतिहासिक पुराव्याचा विषय मानून त्यावर उत्तर देतात, म्हणून त्यांचे म्हणणे नुसती श्रद्धा म्हणून बाजूला सारता येत नाही.

हा वाद चित्रित झालेला असल्यामुळे कोण नेमके काय बोलले ते तपासता येते. परतीच्या गाडीत मी तो पुन्हा सुरुवातीपासून ऐकायला घेतला, आणि या वेळी डॉकिन्स यांच्याशी सहमत असूनही लेनॉक्स यांची वाक्ये थांबवून थांबवून वहीत उतरवली.