व्हीलचेअर ढकलत पाच किलोमीटर : माझा अनुभव

माझ्या जवळच्या मित्राला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, त्यातला लिंब गर्डल प्रकार, म्हणजे कमरेचे आणि खांद्याचे स्नायू हळूहळू झिजत जातात. कॉलेजात असताना जिना चढायला त्रास व्हायला लागला, रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एन्झाइम, वाढलेलं, म्हणून कितीतरी दिवस लिव्हरचीच औषधं चालू होती, स्नायू झिजले तरी ते वाढतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग कधीतरी सीपीके, म्हणजे स्नायू झिजतायत का ते दाखवणारी रक्ताची तपासणी, केली तेव्हा कळलं. आता घरात भिंतीला धरून चालतो, बाहेर व्हीलचेअर.

तर आमच्या कोल्हापुरात रंकाळ्याजवळ एक चॅरिटी रन होती, आणि यानेच फोन केला, "भावा, दोघांचं नाव घालतोय, तू पळ, मी बसतो." मुंबई मॅरेथॉनला दिव्यांगांची वेगळी कॅटेगरी असते ते त्याला माहितीये, पण याला सगळ्यांच्या गर्दीतच यायचं होतं. आयोजकांनी जरा का-कू केलं, मग सगळ्यात मागून निघा म्हणाले. चालतंय की.

प्रॅक्टिसला कळलं, खरी कटकट पुढच्या छोट्या चाकांची. ती खड्ड्यात अडकली की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि आतला माणूस पुढं जातो, म्हणून छातीला आणि कमरेला बेल्ट. स्पीडब्रेकर आला की मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाकं उचलायची, उतार जास्त असेल तर खुर्ची उलटी फिरवून मागं मागं उतरायचं. त्याची मानही वीक आहे, त्यामुळे माझा दम किती शिल्लक आहे त्याला काही अर्थ नव्हता, तो "हळू रे" म्हणाला की हळू. पहाटेच्या थंडीत त्याची बोटं आखडतात म्हणून हातमोजे आणि वर आईची शाल, नंबर शालीलाच पिनेनं लावलेला.

रस्त्यात पाणी वाटणारी पोरं मला विचारायची, "यांना पाणी चालतं का?" हा म्हणायचा, "यांना चहा पण चालतो."

फिनिशच्या अलीकडं माईकवाले साहेब आले, म्हणे शेवटची दहा पावलं चालत या, फोटो भारी येईल, लोक टाळ्या वाजवतील. यानं सरळ नाही सांगितलं. "उभं राहायला जेवढी ताकद जाते ना, तेवढ्यात मी घरी एकटा बाथरूमला जाऊन येतो. फोटोसाठी नाही घालवणार." लोकांना हे पटतच नाही, जो तो जिमला जा, प्रोटीन खा सांगतो. पण आपले स्नायू दमले तरी नंतर परत सावरतात, याचे जास्त ताणले तर आणखी झिजतात, म्हणून व्यायाम फक्त फिजिओ सांगेल तेवढाच.

बसूनच लाइन क्रॉस केली. टाळ्या तशाही वाजल्या.

दुसऱ्या दिवशी माझे खांदे भरून आलेले आणि हा पठ्ठ्या मोबाईलवर पुढच्या वर्षीसाठी मोठ्या चाकांची खुर्ची शोधत होता, किंमत बघून मीच खाली बसलो.