गाडी खाली बसवली, भुर्दंड शॉकअपला

जर्मनीत राहतो म्हणजे याला गाड्यांतलं सगळं कळत असणार, या समजुतीने जळगाव-धुळ्याकडची पोरं मला हमखास विचारतात, "भाऊ, गाडी लोअर करू का?" म्हणजे तिची उंची कमी करू का. माझी गाडी खरोखर खाली बसलेली आहे, पण ती सेकंडहँड घेतली तेव्हाच तशी होती. आधीच्या मालकाने ३० मिलिमीटरने खाली आणणाऱ्या स्प्रिंगा घातल्या आणि शॉकअप मात्र कंपनीचेच ठेवले. गाडी खाली करणारे बहुतेक जण पैसे वाचवतात ते इथेच. पुढे बिल येतं.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम तिला झुलू न देण्याचं: आत तेल, त्यात पिस्टन, पिस्टनला बारीक वाटा. गाडी खाली आली की शॉकअपचा दांडा कायमचाच थोडा आत राहतो. वरच्या बाजूला चालायला जागा कमी पडते, आणि लहानशा खड्ड्यातही गाडी रबरी बंप स्टॉपवर आदळते. उलट जॅकवर उचलली की दांडा पूर्ण बाहेर येतो आणि आखूड स्प्रिंग आपल्या जागेत सैल पडते. म्हणून खाली केलेल्या गाडीला आखूड शॉकअप लागतात. शॉकअप बनवणाऱ्या बिलस्टाइन कंपनीचंच घ्या: साध्या उंचीला बी६, खाली केलेल्या गाडीला बी८. हा फरक दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही.

माझ्या गाडीचं मागचं चाक हायवेच्या सांध्यांवर उड्या मारू लागलं. टायरवरून हात फिरवला तर रबर ठिकठिकाणी खोलगट झालेलं, आणि त्याचा घुं-घुं आवाज थेट बेअरिंगसारखा. अमळनेरच्या मामांचं गॅरेज आहे, त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आवाज पुरता ऐकलाही नाही. "भाचा, आधी तेल दखाड." शॉकअपवरून ओघळलेलं तेल दाखवलं. "तेल गयं म्हनजे शॉकअप गया समज. आनि एक नही, जोडीज बदल."

इथे दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी असते. तपासणाऱ्यानेही मामांसारखाच टॉर्च मारला. नुसता ओलसरपणा चालतो, पण माझं तेल ओघळून खालच्या बोल्टपर्यंत आलं होतं. नापास. दुरुस्त करून परत दाखवायला एक महिना. शिवाय स्प्रिंगांची नोंद गाडीच्या कागदावर आहे का, तेही पाहिलं. होती, म्हणून सुटलो.

सोसायटीच्या आवारात गाडी खोलून बसणं इथे जमत नाही. शेजारीच तक्रार करतात. त्यासाठी तासावर लिफ्ट भाड्याने देणारी गॅरेजं असतात. हत्यारं त्यांची, मेहनत आपली. माझ्या गाडीत स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, आपल्याकडच्या स्विफ्टच्या मागच्या बाजूसारखं. त्यामुळे स्प्रिंग दाबायचं धोक्याचं काम नाही. चाक काढलं, खालच्या आर्मला, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याला, जॅकचा आधार दिला, वरचे दोन बोल्ट आणि खालचा एक. ऐकायला सोपं. पण हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, आणि खालचा बोल्ट त्या मिठाने असा धरलेला की आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारूनही लांब पाइप लावावा लागला.

शॉकअपच्या दांड्यावरचा वरचा नट सोडताना दांडा सोबत फिरतो. तो पकडीने धरायचा नाही. चकचकीत दांड्यावर ओरखडा उठला की तोच पुढे सील फाडतो. दांड्याच्या टोकाला ॲलन पाना लावून धरायचा. नवे गॅसचे शॉकअप दाबून पट्ट्याने बांधलेले येतात, पट्टा कापताच आपणहून लांब होतात, तेव्हा तोंड बाजूला ठेवा.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे लिहायला बसलो ती. खालचा बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना पक्का आवळायचा नाही. बोल्ट ज्यातून जातो त्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं तर गाडी जमिनीवर आली की ते कायम पीळ खाऊन राहतं आणि लवकर फाटतं. खाली केलेल्या गाडीत हा पीळ आणखी जास्त. म्हणून आधी, गाडी जमिनीवर असतानाच, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजून ठेवायचं. मग जॅकने आर्म तेवढाच वर घ्यायचा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळायचं. नवा बोल्ट सांगितला असेल तर नवाच.

उड्या थांबल्या. घुं-घुं मात्र टायर बदलेपर्यंत राहिला, कारण घासलेलं रबर शॉकअपने भरून येत नाही.

आता पोरांच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीने ठरवलेल्या रचनेत बदल चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. कायदा बाजूला ठेवला तरी खाली आपली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटा खातं. त्यात गावागावाचे स्पीडब्रेकर, आणि लग्नसराईत पाच जणांच्या गाडीत सात. ग्राइंडरने स्प्रिंग कापून देणाऱ्याकडे तर जाऊच नका. कापलेलं टोक जागेवर नीट बसत नाही. आधीच कापून घेतली असेल तर कंपनीच्या स्प्रिंगा परत घाला आणि शॉकअप तपासून घ्या.

मामांना यातलं एकच पटलं नाही. लिफ्टचं भाडं भरून गाडी स्वतःच खोलायची, तर मग मिस्त्री काय करतो, असं ते अजून विचारतात.