मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला जाताना

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले अनेक विद्यार्थी दरवर्षी अकरावी सायन्सला माझ्या वर्गात येतात आणि पहिल्या चाचणीचे गुण कळताच त्यांच्यातले काही जण शाखा बदलून मिळावी म्हणून अर्ज घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभे राहतात. ज्यांना आर्ट्स किंवा कॉमर्सची खरोखर ओढ आहे त्यांनी अवश्य जावे. परंतु ‘सायन्स आपल्याला झेपत नाही’ अशी समजूत करून घेऊन जाणाऱ्यांची मला फार हळहळ वाटते, कारण त्यांची अडचण बहुतेक वेळा विषयाची नसून एकाएकी बदललेल्या माध्यमाची असते.

नववीत संवेग अक्षय्यतेच्या सिद्धांतावरची गणिते बिनचूक सोडवणारी मुलगी फळ्यावर त्याच संवेगाचे ‘मोमेंटम’ हे इंग्रजी नाव वाचून गोंधळते आणि शेजारची मुले भराभर लिहीत आहेत हे पाहून गप्प बसते. म्हणून माझे पहिले सांगणे असे की नववी-दहावीची विज्ञान व गणिताची पुस्तके रद्दीत घालू नका. याच पुस्तकांच्या इंग्रजी आवृत्त्या बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. धडे तेच, आकृत्याही त्याच. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून, ज्याचा अर्थ तुम्हाला आधीच ठाऊक आहे असा धडा इंग्रजीत वाचला, तर शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही आणि दिवाळीपर्यंत अकरावीचे पुस्तक आपोआप वाचता येऊ लागते.

दुसरी गोष्ट प्रॅक्टिकलची. क्लासच्या वेळापत्रकामुळे अनेक मुले प्रयोगशाळेत फिरकत नाहीत आणि जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवतात, हे मला मुळीच पटत नाही. व्हर्नियर कॅलिपर हे लहान लांबी अचूक मोजण्याचे उपकरण हातात घेऊन, आधी शून्यांक त्रुटी (जबडे मिटलेले असताना शून्य न दाखवण्याचा दोष) तपासून, मग गोळीचा व्यास स्वतः मोजल्यावर लघुत्तम माप, म्हणजे त्या उपकरणाने मोजता येणारे सर्वांत लहान माप, म्हणजे काय हे जसे कळते, तसे ते नोट्स पाठ करून कळत नाही. शिवाय बारावीला भौतिकशास्त्रात 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचेच असतात.

प्रवेश परीक्षांच्या धास्तीने मराठी सोडून देण्याचेही कारण नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांसाठीच्या राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीत घेता येते, गणित मात्र इंग्रजीतच सोडवावे लागते, तेव्हा गणिताच्या इंग्रजीचा सराव आधीपासून हवा.

वर्गात शंका मराठीतच विचारा. आमच्यापैकी बहुतेक शिक्षक मराठीतूनच शिकलेले आहेत आणि तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात येऊन विचारलेला प्रश्न आम्हाला कधीच जड होत नाही. शाखा बदलण्याचा अर्ज भरायचा झालाच, तर त्याआधी पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन त्या त्या विषयाच्या शिक्षकांना भेटा आणि कोणते गुण विषय न समजल्यामुळे गेले व कोणते प्रश्नच न कळल्यामुळे गेले, हे त्यांच्यासमोर बसून एकेक करून तपासून घ्या.