तळाचा उजेड सापडला: म-३, ऑक्सिजन आणि सिलिकॉनची नळी

माझ्याकडचे चमकणारे जिवाणू (वाण म-३) ऑक्सिजन संपला की विझायला हवेत. तरीही जो थोडा उजेड उरायचा, तो तळाचा उजेड, कुठून येतो ते अखेर सापडलं. एअर पंपाच्या सिलिकॉन नळीतून.

मागच्या नोंदीतला आलेख आठवत असेल. कल्चरमध्ये (द्रवात वाढवलेल्या जिवाणूंत) हवा सोडणारा पंप बंद केला की म-३चा उजेड बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो आणि मग काही सेकंदांत कोसळतो. इथवर सगळं हवं तसं. पण कोसळून शून्यावर यायच्या ऐवजी तो थोडा वरच अडकायचा आणि तिथून हलायचा नाही. कल्चर दाट असो की पातळ, हा तळ असायचाच, तोही दर वेळी वेगळ्या उंचीवर. त्यामुळे अंधार नेमका कधी झाला हे ठरवता येईना, आणि आपला सगळा हिशेब त्या क्षणावरच उभा आहे. २५ अंशांना समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात हवेतून लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. ल्युसिफरेजची (उजेड पाडणाऱ्या एन्झाइमची) ऑक्सिजनवरची पकड इतकी घट्ट असते, की तो अगदी संपत येईपर्यंत उजेड टिकतो. म्हणजे अंधार झाला तेव्हा साठा जवळपास संपलेला असतो. साठ्याला वेळेने भागलं की श्वसनाचा वेग हातात येतो.

पहिला संशय सेन्सरवर. पण नळकांडीत नुसतं ब्रॉथ (जिवाणूंचं द्रव खाद्य) ठेवलं की टीएसएल २५९१ हा प्रकाशाचा सेन्सर शून्याच्या आसपासच राहायचा, म्हणजे तो निर्दोष. (मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा बोर्ड घेताना मूळ चिपचा क्रमांक भिंगातून वाचून घ्या. त्याच नावाखाली भलतंच काही मिळतं.) सेन्सर वाचणाऱ्या ईएसपी बोर्डाचा लाल दिवा काळ्या टेपखाली आधीपासूनच होता. मग पृष्ठभाग. द्रवाच्या वरच्या कडेला हवा लागते, तिथे निळं कडं राहतं आणि सेन्सरला ते दिसतं. नळकांडीचा वरचा दोन सेंटिमीटर भाग टेपने झाकला, तळ थोडा खाली आला, गेला मात्र नाही. त्यावर लिक्विड पॅराफिनचा थर दिला, तर तळ उलट वर चढला! पॅराफिनमध्ये ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. झाकण म्हणून घातलेला थर स्वतःच ऑक्सिजनचं कोठार होऊन बसला. पॅराफिनने सील करणाऱ्यांनी हे नक्की तपासा.

शेवटी सेन्सर बाजूला काढला आणि डोळे अंधाराला चांगले सरावेपर्यंत खोलीत नुसता बसून राहिलो. मग पंप बंद केला. नळकांडी विझली, आणि मधोमध, बुडालेल्या नळीच्या कडेने, वरपासून खालपर्यंत एक बारीक निळी रेघ उरली. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे नळीत हवा अडकून राहते, आणि सिलिकॉनमधून ऑक्सिजन पीव्हीसीपेक्षा कितीतरी पट सहज पार होतो. नळीला चिकटून असलेले जिवाणू त्या झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर श्वास घेत होते आणि नेमकी गळतीची जागा दाखवत होते. डोळ्यांना दिसणारी इतकी नेमकी गळती कुठलाही महागडा प्रोब दाखवणार नाही. नळी किती खोल बुडाली आहे यावर तळाची उंची बदलत होती, हेही त्यातच उलगडलं.

आता प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेली काचेची नळी वापरतो. पंप बंद करायचा, नळी पूर्ण बाहेर काढायची, नळकांडी काठोकाठ भरायची आणि घासलेल्या काचेचं बूच बसवायचं, आत बुडबुडा राहू न देता. आलेख सरळ शून्यावर! दाट कल्चर सव्वा मिनिटाच्या आत विझतं, म्हणजे लिटरला मिनिटामागे साधारण साडेपाच मिलिग्रॅम. तेच कल्चर ताज्या, हवा खेळवलेल्या ब्रॉथमध्ये निम्मं पातळ केलं, तर वेळ जवळजवळ दुप्पट झाला. या दुपटीने मला सगळ्यांत जास्त आनंद दिला, कारण पद्धत खरोखर श्वसनच मोजते आहे याचा तो पुरावा आहे.

दुसरा आनंद झळाळीचा. पूर्ण विझलेली नळकांडी काही मिनिटं तशीच ठेवून परत हवा सोडली, की उजेड नेहमीच्या पातळीवर न थांबता क्षणभर तिच्या बराच वर उसळतो आणि मग खाली स्थिरावतो. ऑक्सिजन नसताना उजेडाचं इंधन, म्हणजे क्षपण झालेलं फ्लेविन आणि लांब साखळीचं अल्डिहाइड, साचत राहतं, आणि हवा येताच ते सगळं एकदम जळतं. जुन्या तळामुळे ही झळाळी दिसतच नव्हती. झिरपत्या ऑक्सिजनने तो साठा होऊच दिला नव्हता. रॉबर्ट बॉइलने हवेच्या पंपाखाली चमकणारे मासे आणि कुजकं लाकूड ठेवून हवा काढली की उजेड जातो, सोडली की परततो, हे दाखवलं. ते १६६८ साली छापून आलं. ऑक्सिजन हे नावही तेव्हा नव्हतं.

डीओ (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) प्रोब घ्यायचा बेत आता रद्द. गॅल्व्हॅनिक प्रोब स्वतः ऑक्सिजन खातो, शिवाय इतक्या झटपट बदलाला उशिरा प्रतिसाद देतो. त्या पैशांत झोबेल मरीन ब्रॉथचा (समुद्री जिवाणूंच्या तयार खाद्याचा) डबा येईल. हायमीडिया कंपनीचा तयार डबा सोयीचा आहे, पण रोजच्या वाढीला पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, तीन टक्के मीठ आणि औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन पुरतं. आम्लता रोखायला कॅल्शियम कार्बोनेटची पावडरच घ्या. फळ्याचा खडू बहुतेक वेळा जिप्सम असतो.

पुढची पायरी म्हणून डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाइयरिंकचा प्रयोग ठरवला होता: नळकांडीत हिरवं शेवाळ ठेवायचं, त्यावर क्षणभर प्रकाश टाकायचा आणि त्याने सोडलेल्या ऑक्सिजनवर जिवाणू पेटतात का ते पाहायचं. तो होणारच आहे. पण हे लिहिताना दुसरंच डोक्यात आलंय. काही प्रजातींत पेशीने वापरलेल्या ऑक्सिजनपैकी जवळपास पाचवा हिस्सा एकट्या ल्युसिफरेजकडे जातो असं मोजलं गेलंय. मग माझ्या साडेपाच मिलिग्रॅमांत उजेडाचा वाटा किती आणि सायटोक्रोमच्या (नेहमीच्या श्वसनसाखळीतल्या प्रथिनांच्या) वाटेने जाणाऱ्या श्वसनाचा किती? म-३च्या जुन्या प्लेटवर काही वसाहती (जिवाणूंचे ठिपके) मंद झाल्या आहेत. त्या आणि तेजस्वी वसाहती सारख्याच दाटीला वाढवून शेजारी ठेवायच्या. मंद कल्चरचा अंधार सेन्सरला पकडता येणार नाही, म्हणून दोन्हींत मत्स्यालयाच्या दुकानातलं मेथिलीन ब्लू (ऑक्सिजन संपला की रंगहीन होणारा निळा रंग) अगदी थोडं घालायचं आणि रंग जायला लागणारा वेळ मोजायचा. हा रंग स्वतःही श्वसनसाखळीतून इलेक्ट्रॉन उचलतो, म्हणून आकडे फक्त एकमेकांशीच ताडायचे. तो लाल भागात प्रकाश शोषतो, तेजस्वी नळकांडीचा ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड त्यातून बराचसा पार होईल. तेव्हा तिथे दोन्ही मोजमापं एकाच वेळी घेता येतील.

त्यामुळे शेवाळ एक महिना पुढे. तुमच्या जुन्या प्लेटवर मंद वसाहती दिसत असतील तर त्या ब्लीचमध्ये टाकू नका. वेगळ्या स्टॅबमध्ये (आगरच्या साठवण-नळीत) काढून ठेवा, मला तुलनेला दुसरा आयसोलेट (वेगळा काढलेला वाण) हवाच आहे.