काळ्या मातीतला शाकाहार

खान्देशात मांसाहार म्हटला की काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा आठवतो. झाड कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, आणि आलंच तर सिनेमातलं, माणूस गिळणारं येतं.

खरं तर झाडांचा मांसाहार हा जोर नाही, नाइलाज आहे. पोटापुरती साखर तीही उन्हावरच करतात. कीटकांतून त्यांना हवा असतो तो नायट्रोजन आणि फॉस्फरस. म्हणजे आपली खताची गोणीच, फक्त पंख फुटलेली.

साताऱ्याच्या कास पठारावर जांभ्या दगडावर माती जेमतेम, तीही पावसानं धुऊन निघालेली. तिथं दवबिंदू नावाचं कीटकखाऊ रोपटं पानावरच्या केसांच्या टोकांशी चिकट थेंब धरून बसतं. आणि सीतेची आसवे! नाव किती करुण, निळीजांभळी फुलं किती सोज्वळ. पण ओल्या मातीत दडलेल्या तिच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. तिच्या पाण्यातल्या बहिणी तर सेकंदाच्या हजाराव्या भागात भक्ष्य आत खेचतात.

ही विद्या एका घराण्याची नाही. निरनिराळ्या वनस्पतिकुळांना ती स्वतंत्रपणे, अनेकदा सुचली. मला त्यातली काटकसर फार आवडते. बुरशीची कायटिन या चिवट पदार्थाची भिंत फोडायला झाडांकडे विकरं (एन्झाइम) आधीपासून होतीच. कीटकाचं कवचही कायटिनचंच, मग तीच हत्यारं काहींनी पचनाला जुंपली.

मात्र सापळा महाग पडतो. सापळा झालेलं पान उन्हातून कमीच कमावतं. म्हणून हा धंदा परवडतो तो ऊन-पाणी मुबलक आणि माती कंगाल असेल तिथं. तापीकाठच्या काळ्या मातीत दवबिंदू उगवलाच, तर कपाशीच्या सावलीतच गुदमरेल. आपल्या हरभऱ्यानं वेगळी वाट काढली: मुळांच्या गाठींत जिवाणू पोसले आणि हवेतला नायट्रोजन घरपोच मिळवला. मला ही जास्त सभ्य वाटते.

उत्तर अमेरिकेतल्या सॅरासेनिया या घटपर्णीला संशोधकांनी जादा नायट्रोजन देऊन पाहिला, तेव्हा तिनं कीटक धरणारे घट आवरते घेतले आणि साधी सपाट पानं काढली. शिरपूरकडच्या एका केळीवाल्या काकांना हे सांगितलं. ते क्षणभर विचारात पडले, मग म्हणाले, “मंग तिले दोन गोण्या युरिया दी टाक, माळकरी व्हई जाई!”