आधी सी की पायथन? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाची मुलं मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच, प्रोग्रॅमिंगची लँग्वेज म्हणून आधी सी शिकू की पायथन? माझं मत पायथन, कारण सुरुवातीला कॉम्प्युटरची मेमरी स्वतः सांभाळायची भानगड मधे येत नाही. पण कोर्सला सी असेल तर बिनधास्त सी घ्या, त्याने फार बिघडत नाही, कारण मुलं अडतात ती लँग्वेजपाशी नाहीच.

कुठे अडतात ते बघा. प्रश्न साधा घेऊ, यादीतली दुसऱ्या नंबरची मोठी संख्या शोधायची. बहुतेक जण लगेच टाईप करायला लागतात. अरे पण यादी 7, 7, 5 असेल तर उत्तर 7 की 5? यादीत एकच संख्या असेल तर? प्रश्नात हे कुठेच लिहिलेलं नाही, ते तुम्हालाच ठरवायचंय, आणि कोड लिहायच्या आधी ठरवायचंय. मला विचाराल तर विषयाची खरी सुरुवात इथे होते.

मग कागद घ्या. प्रत्येक व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या नाव दिलेल्या जागेला, एक कॉलम; लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या, प्रत्येक फेरीला एक ओळ. इथे व्हेरिएबल दोन, 'मोठी' आणि 'दुसरी'. यादी 4, 9, 6 धरू. पहिली 4, म्हणजे 'मोठी' मध्ये 4. मग 9 आली, ती मोठी, पण 9 ठेवायच्या आधी जुनी 4 'दुसरी' मध्ये सरकवायला हवी, कोडच्या या दोन ओळी उलट्या लिहिल्या तर दोन्हीकडे 9 येतो आणि 4 कायमची गेली. मग 6 येते, ती 9 पेक्षा लहान आहे म्हणून सोडून दिली तर उत्तर 4 येतं, चूक, म्हणजे 'दुसरी'शीही तुलना करावी लागते. आणि दोन्हींची सुरुवात 0 ने केली असेल तर -4, -9, -2 देऊन बघा, उत्तर 0 येईल, जो यादीतच नाही! हे सगळं कागदावर डोळ्यांना दिसतं, नुसतं रन करून दिसेलच असं नाही. असं कागदावर ट्रेस करायचा कंटाळा करू नका, खरंच सांगते, याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता कोणीतरी म्हणतंच, सॉर्ट करा, म्हणजे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावा, आणि शेवटून दुसरी उचला. चालेल की, छोट्या यादीला काहीच हरकत नाही. पण 10 लाख संख्या असतील तर मर्ज सॉर्टसारख्या चांगल्या पद्धतीलाही साधारण 2 कोटी तुलना लागतात आणि वरच्या कागदावरच्या पद्धतीत यादी एकदाच वाचून जास्तीत जास्त 20 लाखांत काम होतं. त्याहूनही कमी लागतात, आणि ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. नॉकआउट स्पर्धेसारख्या संख्यांच्या जोड्या लावा, जोडीतली मोठी जिंकते. 10 लाखांतून विजेता काढायला 1 कमी 10 लाख तुलना. दुसऱ्या नंबरची संख्या हरली असेल तर फक्त विजेत्याकडूनच, आणि विजेता खेळला जास्तीत जास्त 20 सामने, म्हणजे त्या 20 जणांतच शोधायचं, आणखी 19 तुलना. झालं! चार्ल्स डॉजसन या गणितज्ञाने 1883 मध्येच टेनिसबद्दल लिहिलं होतं की फायनल हरलेल्याला दुसरं बक्षीस देणं बरोबर नाही, खरा दुसरा आधीच विजेत्याकडून हरून बाहेर गेलेला असू शकतो. तेव्हा ना सी होती ना पायथन.

लँग्वेजचा फरक पडतो तो नंतर. हाच प्रोग्रॅम पायथनमध्ये जमला की सी मध्ये लिहून बघा, तिथे फंक्शनला (कोडच्या वेगळ्या तुकड्याला) ॲरे, म्हणजे आपली यादी, दिला की त्याची लांबी सोबत जात नाही, वेगळी द्यावी लागते, आणि चुकीची दिलीत तर सी तुम्हाला अडवत नाही, पलीकडच्या मेमरीत जे काही पडलेलं असेल तेही संख्या म्हणून वाचू शकतो.